जयरामचं जादा इंजिन

सापगावच्या जयरामने मुरबाडहून मोटारसायकलचं जादा इंजिन आणलं, तेव्हा त्याच्या बायकोने, अंबूबाईने एकच अट घातली. "माझ्या एका वस्तूला त्याचं काळं लागलं, तर भंगारात गेलं समजा." जयरामने मान डोलावली. त्याच्या गाडीचं मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. गाडीतलं इंजिन बंद पडलं की हेच कामाला येणार होतं.

पण पाऊस तोंडावर आलेला. तसंच ठेवलं असतं तर दिवाळीपर्यंत त्याचा गंज झाला असता. म्हणून त्याने प्लगच्या भोकातून ऑइल ओतलं, किक मारमारून ते आत फिरवलं, बाहेरून ग्रीस चोपडलं. राहिलं ते सायलेन्सर जोडायचं भोक. तिथे घट्ट बोळा हवा होता. चुलीवरच्या वाशाला एक काळी पुरचुंडी लोंबत होती, ती अगदी मापात बसली. जयराम स्वतःवरच खूश झाला. इंजिन गोणपाटात गुंडाळून त्याने माळ्यावर चढवलं.

आठवड्याने अंबूबाई वाशाकडे बघत उभी राहिली.

"अवो, माझं काकडीचं बी कुठं गेलं? राख लावून बांधलेलं. माझ्या आयनं दिलेलं."

जयराम माळ्याकडे न बघता म्हणाला, "उंदरानं नेलं असंल."

"पुरचुंडीसकट? परवा पारू आलेली. सारखी वरच बघत व्हती."

शेजारची पारू साधी बाई, पण संध्याकाळपर्यंत दोघींचं बोलणं बंद झालं. जयरामला जेवण गोड लागेना. खरं सांगावं तर इंजिन जातं, गप्प बसावं तर पारू चोर ठरते. शेवटी अंबूबाई बाजाराला गेलेली बघून त्याने इंजिन अंगणात उतरवलं आणि पकडीने पुरचुंडी ओढली. चिंधी हातात आली. बी आतच राहिलं.

आता इंजिन उलटं करून झटकायला हवं होतं, आणि ते एकट्याला पेलेना. त्याने शेजारी हाक मारली, तर नेमकी पारूच आली. तिचं भांडण अंबूबाईशी होतं, जयरामशी नव्हतं. इंजिन उलटं होताच ऑइल, राख आणि बी यांचा काला अंगणभर झाला. तेवढ्यात पिशवी विसरली म्हणून अंबूबाई परतली.

"वयनी," पारू शांतपणे म्हणाली, "चोर गावला."

अंबूबाईने तो तेलकट काला सुपात भरला आणि रागारागाने कुंपणाकडेला भिरकावला. इंजिन वाचलं ते एवढ्यासाठीच, की पावसात भंगारवाला गावात फिरकत नाही.

त्या वर्षी मुंग्यांनी आणि उंदरांनी गावभरचं बी खाल्लं. अंबूबाईच्या तेलकट बियाला मात्र कोणी तोंड लावलं नाही. गणपतीपर्यंत कुंपण काकड्यांनी वाकलं, आणि पहिली टोपली पारूच्या घरी गेली.

पुढच्या वैशाखात जयरामच्या गाडीचं इंजिन शहापूरच्या रस्त्यावर कायमचं बसलं. घरापर्यंत गाडी ढकलत आणूनही तो खुशीत होता. त्याने माळ्याला शिडी लावली.

"हात लावू नका," अंबूबाई खालून म्हणाली.

"का गो?"

"आत बी हाय. माझं, पारूचं, पलीकडल्या देवजीच्या बायकोचं पन. पेरून झालं का न्या तुमचं इंजिन."

जयराम उतरला आणि गाडीऐवजी शहापूरची रिक्षा बघायला निघाला.

"आनि येताना ऑइल आना," तिने मागून हाक दिली. "आतलं कमी झालंय."