भिंत दाखवा, मग बोलू

नागपुरात चित्र विकत घेणारा माणूस मुळात दुर्मीळ. तो आपल्या पायांनी गॅलरीत आला, चित्रासमोर थांबला आणि "हे आम्हाला आवडलं" म्हणाला, तर कुठलाही गॅलरीवाला त्याला आधी खुर्ची देईल, मग चहा मागवील. आमचे बारापात्रे भाऊ त्याला विचारतात, "भिंत कोनती?"

"कसली भिंत?"

"जिच्यावर लावसान ते. भिंत दाखवा, मग बोलू."

हा विनोद नव्हे. भाऊ खरोखर गिऱ्हाइकाच्या घरी भिंत बघायला जातात. मागे एक डॉक्टर नवरा-बायको आले होते. नवा बंगला बांधला होता आणि हॉलसाठी मोठं चित्र हवं होतं. भाऊंनी स्कूटर काढली आणि मला मागे बसवलं. मी या गॅलरीत क्युरेटर आहे. म्हणजे चित्रं टांगणं, वाकडी झालेली सरळ करणं, चित्रांविषयी कुणालाही कळणार नाही असं इंग्रजीत लिहिणं आणि गरज पडेल तेव्हा भाऊंच्या मागे स्कूटरवर बसणं, ही माझी कामं.

बंगल्यात गेल्यावर भाऊंनी भिंतीकडे बघितलंच नाही. आधी सोफ्यावर बसून पाहिलं. मग उठून जेवणाच्या टेबलाशी बसले. मग विचारलं, "इथं कोन बसते?"

"पाहुणे बसतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अन् घरचे?"

"आम्ही वरच असतो. टीव्ही वर आहे ना."

"मंग चित्र कोन पाह्यन?"

"आलेगेले बघतील की!"

भाऊंनी चहा घेतला, चिवडा घेतला, फरशीची तारीफ केली. बाहेर येऊन स्कूटरला किक मारता मारता मला म्हणाले, "नाई जमत. एकटं पडन थे."

"कोण?"

"चित्र, बाई. आनखी कोन?"

चित्र दिलं नाही. ही बातमी चित्रकाराला फोनवर मी कशी सांगितली, ते माझं मला माहीत.

भाऊंचे आजोबा उमरेडला हातमागावर साड्या विणत. वडिलांनी माग बंद करून नागपूरच्या महाल भागात साडीचं दुकान काढलं. भाऊंचं आयुष्य त्या दुकानाच्या गादीवर गेलं. त्यांची बायको, कुसुमकाकू, गेल्या, मूलबाळ नव्हतं, तेव्हा त्यांनी दुकान पुतण्यांच्या हवाली केलं आणि धरमपेठेत ही गॅलरी उघडली. गॅलरीच का, असं विचारलं की म्हणतात, "साडीच्या धंद्यात बायका ढीगभर उलगडाले लावत अन् एक घेत. इथं उलगडाची भानगड नाई. सगळं अगुदरच टांगून हाय."

पण हाताची सवय गेलेली नाही. नवं चित्र आलं की भाऊ कॅनव्हासची कड अंगठा आणि बोटात धरून चुरून बघतात. "पोत चांगला हाय." मुंबईच्या एका चित्रकाराने हे दृश्य पाहिलं तेव्हा त्याला धरून बसवावं लागलं होतं. भाऊंनी त्याला पाणी दिलं आणि चित्र घ्यायला आलेल्या बाईंना सांगितलं, "रंग जानार नाई. माही गॅरंटी." बाई जरा घुटमळल्या, तर भाऊ सवयीने म्हणाले, "यातच दुसरा रंग दाखवू का?" चित्रकार पुन्हा बसला.

आणि तो कूलर. बडोद्याहून एक तरुण कलाकार आला होता. त्याने मे महिन्यात गॅलरीच्या मधोमध एक जुना लोखंडी कूलर मांडला. आत मोटार नाही, पाणी नाही, नुसती वाळकी गवताची पॅडं. कलाकृतीचं नाव होतं 'अनुपस्थितीचा ओलावा'. ते मीच मराठीत आणलं होतं, त्यामुळे दोष अर्धा माझा. आता नागपूरच्या मे महिन्यात दुपट्टा बांधून, उन्हातून चालत आलेला माणूस कूलर दिसल्यावर काय करील? पुढे जाऊन उभा राहील. लोक उभे राहत. वाट बघत. मग खाली वाकून बटण शोधत. एका काकांनी तर वरून एक चापट मारून पाहिली.

भाऊंना ते बघवेना. कलाकार हॉटेलात झोपला असताना त्यांनी कारागीर बोलावला, मोटार बसवली, पंप बसवला, टाकी भरली. दुसऱ्या दिवशी अनुपस्थितीचा ओलावा फर्रर्र करून सुरू झाला. दुपारपर्यंत गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या बँकेतली मंडळी डबे घेऊन आली. ऑटोवाले भिंतीला टेकून बसले, आणि बसलेच आहेत तर चित्रंही बघू लागले.

कलाकार आला आणि ओरडला, "तुम्ही माझ्या कामाचा अर्थ मारून टाकला!"

"अर्थ गेला असन, बावा," भाऊ शांतपणे म्हणाले, "पन लोक तर आले ना!"

पेपरात 'प्रेक्षकांचा उत्स्फूर्त सहभाग' असं छापून आलं. ते कात्रण कलाकार अजून आपल्या माहितीपत्रकाला जोडतो.

असे हे भाऊ दर डिसेंबरात एक प्रदर्शन भरवत, त्याचं कोडं मात्र मला उलगडत नव्हतं. ते प्रदर्शन ढोले मास्तरांचं. मास्तर सावनेरचे, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेले. जन्म कोळशाच्या खाणींच्या शेजारी गेला, म्हणून काढत फक्त कोळसा. कोळशाचे ढीग, कोळशाचे ट्रक, खाणीची तोंडं, सगळं काळ्यावर काळं. एक चित्र कधी विकलं गेलं नाही. दिवाणखान्यात काळं लावायला कोण धजणार? एका बाईंनी तर आत येऊन, "अय्या, बंद आहे वाटतं," म्हणून पाय मागे घेतला होता.

उद्घाटनाच्या दिवशी भाऊ दारातच मास्तरांना गाठत. "मास्तर, लाइन गेली का जी? अंधारच अंधार हाय!"

"बारापात्रे, तुम्ही साडीवाले. तुम्हाले चित्र काय समजते?"

"साडी लोक नेसते तरी. तुमचं हे काय करतीन? एखादा लाल ठिपका टाका ना जी. माह्यासाठी."

"तुमच्यासाठी तर मुळीच नाही टाकत."

प्रदर्शन चालू असेपर्यंत दोघं प्लास्टिकच्या खुर्च्या जोडून भांडत बसत. दुपारी मास्तरांच्या बायकोने, सुशीलाकाकूंनी, दिलेला डबा उघडत. पाटवडी आणि रस्सा एकाच झाकणात ओतून दोघं खात, आणि तोंडात घास असेल तेवढ्यापुरतंच भांडण थांबे.

मी एकदा विचारलं, "भाऊ, एकही चित्र जात नाही. मग दरवर्षी हे कशाला?"

"डिसेंबरात गॅलरी रिकामी राह्यते ना वं."

डिसेंबरच्या तारखांसाठी माझ्याकडे सगळ्यात जास्त चित्रकारांचे फोन येतात.

मग मास्तरांचे डोळे गेले. काचबिंदू. एक आधीच अधू होता, दुसराही गेला. सुशीलाकाकूंचा फोन आला, "हे आता कागदाले हातही लावत नाहीत वं. प्रदर्शन नको म्हनून राहिले. भाऊंना सांग."

मी सांगितलं. भाऊ बराच वेळ टेबलावरची धूळ पुसत राहिले. मग म्हणाले, "आळशी झाले मास्तर. दुसरं काई नाई." आणि आतल्या खोलीत ठेवलेली मास्तरांची जुनी चित्रं काढून, एकेक पुसून, त्यांनी भिंतीवर लावायला घेतली. उद्घाटन संध्याकाळी होतं, पण सावनेरला गाडी पाठवली ती सकाळीच. मास्तर दुपारी आले, काकूंचा हात धरून, उंबरा पायाने चाचपत. गॅलरीत आम्ही चौघंच होतो.

भाऊंनी काकूंच्या हातातून मास्तरांचा हात आपल्या हातात घेतला. मला वाटलं, आता लाइन गेल्याचा विनोद होणार, आणि तो आज होऊ नये.

"दाखवा," मास्तर म्हणाले.

"हे खदानीचं," भाऊंनी सुरुवात केली. "वरून खाली येऊन राहिलो. वर एकदम चंद्रकळेचा काळा. पन नवी नाई, धुतलेली चंद्रकळा. खाली वांगी रंग. मंग उजवीकडून अमसुली आत शिरते. इथं तुमी बोटानं पुसलं हाय." त्यांनी मास्तरांचं बोट धरून त्या जागेवर टेकवलं. मास्तरांनी ते तिथेच ठेवलं. "अन् खाली शेवाळी. बारीक. किनार असते तशी."

एकेका चित्रापुढे दोघं असे थांबत होते. भाऊंचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता. काकू पदराने डोळे टिपत होत्या आणि मी हातातल्या चित्रांच्या नावांच्या पाट्या उगीच पुन्हा पुन्हा लावत होते.

एका चित्राशी मास्तर अडले. "शेवाळी मी लावलाच नाही इथं."

"लावला हाय."

"नाही लावला जी. माझं चित्र आहे."

"मास्तर," भाऊ म्हणाले, "इथं पाहून कोन राहिलं? तुमी का मी?"

काकूंचा पदर डोळ्यांशीच राहिला. आणि मास्तर हसायला लागले. इतके हसले की त्यांना धरून खुर्चीवर बसवावं लागलं. डोळे गेल्यापासून हे पहिल्यांदा हसले, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

त्या प्रदर्शनानंतर माझी एक सोय झाली. सोमवारी गॅलरी बंद असते, आणि तोवर दर सोमवारी भाऊंचा मला फोन यायचा. "वं कल्याणी, ते कोपऱ्यातलं चित्र सरळ हाय ना?" बंद गॅलरीतलं चित्र सरळ असलं काय आणि वाकडं असलं काय! मी सुट्टीच्या दिवशी चिडून "हो" म्हणायची, तरी ते आणखी चार गोष्टी काढून बोलत राहायचे. ते फोन अचानक बंद झाले. चौकशी केली तेव्हा कळलं, भाऊ सोमवारी एसटीने सावनेरला जातात.

"काय करता तिथे?"

"भांडतो," भाऊ म्हणाले.

मागच्या महिन्यातल्या एका सोमवारी दुपारी सुशीलाकाकूंचा फोन आला. "भाऊ निघाले का वं? अजून आले नाहीत, फोनही उचलून नाही राहिले. हे दाढी करून दारात खुर्ची टाकून बसले आहेत. जेवाले वाढते म्हटलं, तर म्हनतात, बारापात्रे येऊ दे."

मी महालात भाऊंच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊ दिवाणावर, एवढ्या उकाड्यात चादर घेऊन पडले होते. अंग तापलं होतं. उशाशी गोळ्यांचं पाकीट आणि रिकामा तांब्या.

"काहून आली?" मला बघून ते कुरकुरले. "सोमवार हाय ना आज."

"काकूंचा फोन होता. मास्तर जेवायचे थांबले आहेत."

"कोन थांबलं?"

"मास्तर. दारात बसून आहेत सकाळपासून."

भाऊ कोपरावर उठले. "जेवले नाई?"

"नाही."

"माह्यासाठी?"

"तुमच्यासाठीच, भाऊ."

ते पुन्हा आडवे झाले आणि छताकडे बघत राहिले. "पागल मानूस हाय," ते म्हणाले, आणि चादर तोंडावर ओढून घेतली. थोड्या वेळाने चादरीतून एक हात बाहेर आला. "लाव फोन."

मी लावून दिला. मास्तरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बारापात्रे, कुठं अडकले जी?"

"ताप हाय जरा."

"मंग एक फोन कराले काय झालं होतं? इथं मानूस वाट पाहून राहिला!"

साडी असो, चित्र असो, ज्या माणसाला उत्तर शोधावं लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तो शब्द शोधत होता.

"ध्यानातच नाई आलं मास्तर," ते शेवटी म्हणाले. "कोनी वाट पाह्यते याची सवय नाई राह्यली."

मग मास्तर म्हणाले, "काही खाल्लं का?"

"कल्याणी आली हाय. करन काईतरी."

"मंग तुम्ही खा. मी पन बसतो आता."

मी आत जाऊन मऊ भात टाकला. ताट घेऊन बाहेर आले तेव्हा फोन भाऊंच्या कानाशी तसाच होता. पलीकडून काकूंच्या बांगड्या वाजल्या, वाटी सरकवल्याचा आवाज आला. भाऊंनी फोन उशीवर ठेवला, उठून बसले आणि पहिला घास घेतला. दोघांपैकी कुणी काही बोलत नव्हतं. फोनही कुणी बंद केला नाही.