शालीकरामजींची बंद खिडकी

कामठ्याजवळच्या एका गावात पंचायतीचे बाबू शालीकरामजी राहत. माणूस तसा निर्व्यसनी, फक्त थंडीला घाबरायचा. दसरा उलटला की त्यांच्या झोपायच्या खोलीची खिडकी बंद व्हायची, ती थेट होळीला उघडायची. बायको अनुसयाबाई बावीस वर्षं ती उघडावी म्हणून भांडत होती.

"काऊन बंद करता जी? मले गुदमरून राहिलं!"

"हवा खायले आंगण आहे ना वो!"

त्या वर्षी ऑक्टोबरात कॉलेजातल्या दीप्ती मॅडम गावात आल्या. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू निघतो, त्याला रंग नाही की वास नाही, पण बंद खोलीत साचला तर फुप्फुसाला वाईट, असं त्यांनी समजावलं. मग तो मोजायला वीस घरांत एकेक प्लास्टिकची डबी टांगली. तीन महिने हात लावायचा नाही.

अनुसयाबाईंनी त्याच दिवशी पैज लावली. "आकडा जास्त आला त खिडकी उघडी. कमी आला त जिंदगीत नाव घेणार नाही."

"मंजूर," शालीकरामजी म्हणाले. (पंचायतीत ठराव मंजूर करायची सवय. आधी मंजुरी, विचार मागून.)

विचार दुसऱ्या दिवशी आला. अनुसयाबाई धान कापायला गेल्याबरोबर बाबूंनी डबी उतरवली, परसातल्या वालाच्या मांडवात पानांआड बांधली आणि खोलीत तिच्या जागी बामची रिकामी डबी लटकवली. तीन महिने अनुसयाबाई त्या बामच्या डबीखालून जपून वाकून जात. बाबूंना थोडं वाईट वाटायचं, पण खोली छान उबदार होती.

शेवटच्या दिवशी बाबूंनी डब्या पुन्हा बदलल्या. मॅडम आपल्या वीस डब्या घेऊन गेल्या आणि जानेवारीच्या ऐन कडाक्यात निकाल घेऊन आल्या. समाजमंदिरात सारं गाव जमलं.

"सगळ्यात कमी आकडा शालीकरामकाकांचा!"

बाबूंनी बायकोकडे अशी काही नजर टाकली, की जणू निवडणूकच जिंकली.

"अगदी बाहेरच्या हवेइतका," मॅडम पुढे म्हणाल्या. "काका, खिडकी चोवीस तास उघडी ठेवता ना?"

"छे छे! बंदच असते!"

मॅडम कागदाकडे बघतच राहिल्या. "बंद खोलीत हे होणारच नाही. डबी कोणी बाहेर तर नव्हती नेली? तसं असेल तर परत तीन महिने टांगू. दर आठवड्याला मी स्वतः येईन."

सारं गाव बाबूंकडे पाहू लागलं. चोर ठरायचं की खोटारडा, एवढाच प्रश्न होता.

"उघडीच असते," बाबू पुटपुटले. "बोलायच्या भरात चुकलो."

टाळ्या पडल्या. सगळ्यांनी काकांसारखं वागावं, असं मॅडमनी सांगितलं. घरी पोचताच अनुसयाबाईंनी सुताराला बोलावलं.

"लोकं पाहाले येतील आता. खिडकीचे पल्लेच काढून ठेवते," त्या शांतपणे म्हणाल्या. त्या सारं जाणून होत्या की काय, हे विचारायची बाबूंची छाती झाली नाही.

चौथ्या दिवशी शेजारचे यादोराव घोंगडी पांघरून, नाक ओढत दारात उभे राहिले.

"बाबू, तुमच्या खिडकीचं नाव घेऊन बायकोनं आमची बी उघडली. एवढी थंडी सहन कशी करता जी तुमी?"

दोन रजयांतून फक्त डोळे बाहेर काढून शालीकरामजी म्हणाले, "करतो कुठं!"