बोललात तेच लिहिलंय

वारज्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त आगाशेकाका लिहितात, आणि ते वाचलं की अध्यक्ष म्हणून मला तोंड लपवावंसं वाटतं. गेल्या सभेचं असं होतं : 'अध्यक्ष : म्हणजे ते हे, पाण्याचं, अं, टाकीचं म्हणतोय मी, तर ते, आपलं, बघू. (खोकला.) बघूच.'

"काका, हे काय लिहिलंय?"

"बोललात तेच लिहिलंय," काका म्हणाले. "कमी बोलायचं होतंत."

काका सरकारी कचेरीत लघुलेखक होते. साहेबांचं 'अं' आणि 'म्हणजे' गाळून वाक्य सरळ करायचं, यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर आमच्या सभांची इतिवृत्तंसुद्धा कशी सुबक असायची! मग गेल्या वर्षी सुमनकाकूंना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांची वाचा गेली, आणि काकांनी गाळणं सोडलं. काकूंच्या तोंडून दिवसभरात जे निघेल, अगदी नुसता हुंकार असला तरी, ते वेळेसकट लिहून ठेवतात. "यातलं कामाचं कुठलं, ते आपण कोण ठरवणार?" म्हणतात. त्याच सवयीत माझं 'आपलं, बघू'ही सापडलं.

परवा मी त्यांचा डबा घेऊन गेलो, तेव्हा स्पीच थेरपिस्ट आली होती. काकांकडे बोट दाखवून तिनं काकूंना विचारलं, "आजी, यांचं नाव काय?" काकू गप्प. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. शेवटी त्या मुलीनं मोठ्यानं म्हणत कागदावर लिहिलं, 'पतीला ओळखत नाहीत.'

काका ताडकन उठले. "अहो, ती माझं नाव घेत नाही! लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एरवी नुसतं 'अहो'. खोडा ते!" बिचारीनं मुकाट्यानं खोडलं.

ती गेल्यावर मी डबा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. बाहेर काका खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात म्हणत होते, "सुमन, आता कोणी नाही इथे. एकदा घे की माझं नाव. मी कुणाला सांगणार नाही."

मी डबा हातातच धरून उभा राहिलो.

"बरं, राहू दे," काका म्हणाले, आणि फणी घेऊन काकूंची वेणी घालायला बसले.