जिराफाच्या पोरीचं बारसं

जन्माला आलेल्या जिवाला आधी दूध लागतं, असं अडाणी लोक समजतात. आधी लागतात पाद्रीनो. म्हणजे बारशाचे मानकरी. केक एकाचा, बँड एकाचा, आणि शेवटी दारात पोरांसाठी चिल्लर उधळायची ती एकाची. आमच्या सान हासिंतोत यांच्याशिवाय माणसाचं पोर माणसात येत नाही, तर जिराफाचं पिल्लू जिराफात कसं येणार?

प्राणिबागेचे साहेब एवारिस्तो हे ओळखून होते. पेत्रा जिराफीण पहाटे व्याली, तीही उभ्या उभ्या. पोरगी माणसाच्या उंचीवरून धप्पकन खाली पडली आणि घटकाभरात चार काटक्यांवर उभी राहिली. (हे सगळं कुणाच्या परवानगीनं झालं, याची चौकशी चालू आहे.) तिनं आईच्या पोटाखाली तोंड घातलं, तेवढ्यात बँड आला. पेत्रानं बिथरून लाथ झाडली.

एवारिस्तोंचा मोठा गुण म्हणजे त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. त्यामुळे मानकरी वाढत गेले. चाऱ्याचा पाद्रीनो, रिबिनीचा पाद्रीनो, फोटोसाठी लागणाऱ्या शिडीचा पाद्रीनो. ज्यांच्या वाट्याला काहीच उरलं नाही, ते साधारण पाद्रीनो. ढोबळ हिशेबानं अर्धं गाव पोरीचं नातलग झालं आणि उरलेलं अर्धं रुसलं. रुसलेलेही कुंपणाला चिकटून उभे, कारण रुसवा दिसायला हवा.

दुपार कलली तरी नाव ठरेना. महापौरांच्या बायकोला आपल्या आईचं नाव हवं होतं, बँडवाल्याला आपल्या आईचं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई इमेल्दा एवारिस्तोंपाशी आल्या. "साहेब, पोरगी सकाळपासून उपाशी आहे. माणसं हटवा. एवढ्या गर्दीत आई तिला जवळ घेणार नाही, आणि उपाशी पोटी ती रात्र काढायची नाही."

"कुणाला हटवू, बाई? केकवाल्याला हटवलं तर केक हटेल."

"मग भरवा तिला केक."

एवारिस्तोंनी खरंच विचार केला. "मऊ असतो म्हणा."



तेवढ्यात पोरीचे गुडघे दुमडले आणि ती खाली बसली. उपमहापौरांनी भाषणात तिच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. एवारिस्तो मात्र गर्दीकडे वळले. 'नाही' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, ते तसंच मिटलं. मग ते चिल्लरवाल्या निकानोरकडे गेले. हा खिळे-हातोड्यांचा दुकानदार, खिसे भरून तयार होता.

"कोंपाद्रे, बारशामुळे आपण आता सोयरे. उधळा. मागच्या फाटकाबाहेर."

"अहो, डोकं फिरलं का? अजून नाव नाही ठेवलं."

"माझ्यासाठी उधळा."

निकानोरनं उधळली. पोरं धावली, पोरांना सांभाळायला आया धावल्या, आयांना सांभाळायला बाकीचे. बँड ढोलासकट गेला. उपमहापौर रस्त्यावर रांगताना दिसले (कोटाचं बटण पडलं होतं म्हणे).

इकडे कुंपण मोकळं झालं. पेत्रानं मान खाली घालून पोरीला चाटलं. पोरगी धडपडत उठली आणि लुचायला लागली. एवारिस्तो उलट्या बादलीवर बसून नाक पुसत राहिले.

त्यांच्यावर ठपका आला. बारशाआधी चिल्लर उधळली, गावाचा रिवाज बुडवला. मान्य आहे, गुन्हा मोठाच.

पोरगी आता धडधाकट आहे. पण तुमचा जीव त्यात नाही. शेवटी नाव काय ठेवलं, यात अडकलाय. या, कुंपणापाशी सरकून घेतो. साधारण पाद्रीनोंत अजून जागा आहे.