पुगोचा जीव आणायला

म्हातारा लुओ पुगो बांधावरून घसरून खालच्या खाचरात पडला, त्याला नऊ दिवस झाले होते. हाड मोडलं नव्हतं, पण तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. खात नव्हता, बोलत नव्हता, घोरतसुद्धा नव्हता. त्या शांततेत त्याच्या बायकोला, मिशोला, झोप लागेना.

गावच्या पुजाऱ्यांनी नाडी बघितली. "जीव खाचरातच राहिलाय याचा. हाका मारत घरी आण. पण मागं वळून बघू नकोस, लाजून परत जाईल."

"हा? आणि लाजणार?" मिशो म्हणाली. पण गेली. नणंदेला, चेबेला, भावाच्या उशाशी बसवलं, वाटीत भात आणि उकडलेलं बदकाचं अंडं घेतलं आणि सकाळीच डोंगर उतरली.

पाण्यानं भरलेली खाचरं कुठे संपतात आणि धुकं कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. बांधावर उभी राहून तिनं हाक दिली, "लुओ पुगो, घरी चल! चिखलात काय ठेवलंय? गरम भात आहे, अंडं आहे. चल जेवायला!"

ती वळली. चार पावलं टाकली. मागे आवाज आला, पचक्.

मिशो थांबली. तेही थांबलं. ती चालली. पचक्, पचक्.

"येतोयस ना? ये, ये," ती मागं न बघता म्हणाली. "पण जरा लांबनं ये."

गावच्या वेशीपाशी तर पावलं दुप्पट झाली. "एकटाच ये हं!" मिशो किंचाळली. "वाटेतलं कुणी बरोबर आणू नकोस!" येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जाणारा शेजाऱ्यांचा कुत्रा शेपूट घालून लाकडांच्या ढिगामागे गेला.

घरात शिरून तिनं डोळे मिटले आणि वाटी चुलीपाशी ठेवली. "बस. जेव."

स्टूल करकरलं. अंड्याचं टरफल फुटलं.

"वहिनी!" चेबे ओरडली. "जिवाला चष्मा आहे गं!"

मिशोनं डोळे उघडले. गुडघाभर चिखलानं माखलेला, निळं जाकीट घातलेला एक शहरी तरुण तोंडभरून अंडं खात होता.

"खाचरं बघायला आलो होतो, आजी. धुक्यात वाट चुकलो. लांबून तुमची 'चल जेवायला' ही हाक ऐकली, म्हणून आलो."

मिशोच्या जिवात जीव आला, मागोमाग रागही आला. "मेल्या, खाचरापासून माझ्या मागनं येतोयस, तोंडातनं एक शब्द काढता येत नव्हता?"

"खाचरापासून नाही, वेशीपासून. तुमच्या मागे आजोबा होते, त्यांच्या मागे मी. कुठे गेले ते?"

मिशोनं चेबेकडे बघितलं. चेबेनं खाटेकडे बोट दाखवलं. "दादा हलला पण नाही वहिनी. मी इथंच आहे ना."

तेवढ्यात खाट वाजली. पुगो या कुशीवर वळला, उठून बसला.

"माझं अंडं कुणी खाल्लं?" तो गरजला. पाहुण्याला नखशिखान्त न्याहाळत त्यानं उजवी टाच चोळली. "हाच तो! वाटेत दोनदा टाचेवर पाय दिला माझ्या!"

पाहुणा ओशाळून उभा राहिला.

"माफ करा, आजोबा. धुक्यात दिसलं नाही."