शत्रूस पुन्हा एकदां पळावयास सांगितलें, त्याची बखर

श्रीसूर्यनारायण प्रसन्न, कीं ज्याचे उजेडावांचून कोणाचाही फोटो येत नाहीं. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमी, ते दिवशीं जो अनर्थ गुदरला तो लिहितों.

राज्य थोर, किल्ला बळकट, आणि दरबारची चाल ऐसी कीं जें फोटोंत नाहीं तें घडलेंच नाहीं. ताटाचा फोटो मुलखांत धाडल्यावांचून महाराज घास घेत नसत, आणि आमटी निवोन जाई, आणि मग त्या गार आमटीची वाहवा चहूंकडोन येई. फोटोंत कोणाचे डोळे मिटले तर तें कार्य पुन्हा करावें, ऐसा दंडक. राजकन्येचे लग्नीं वरमाला पुन्हा पडली, आणि पाठवणीस राणीसाहेबही पुन्हा रडल्या, दुसरे खेपेस अधिक चांगल्या.

ऐशांत शेजारचे सरदार अंताजीराव फौज घेवोन चालोन आले. किल्ला गेला तर राज्य गेलें, ऐसा प्रसंग. मग महाराजांचे चुलतबंधू सेनापती हिरोजीराव यांनीं दरवाजा उघडोन शर्थ केली, आणि शत्रूची दाणादाण उडाली, आणि अंताजीराव टेकडीपलीकडे पळाले. महाराज बुरुजावर उभे राहोन फोटो काढवीत होते. पाहतात तों त्यांचेच डोळे मिटलेले. ऐनवेळीं शिंक आली होती. महाराज म्हणाले, "हा धाडावा कैसा? लोक म्हणतील, लढाईंत झोंप काढली." हिरोजीराव म्हणाले, "दादासाहेब, लढाई तर जिंकली ना?" तों राणीसाहेब म्हणाल्या, "भावोजी, जिंकली हें तुम्हांस ठाऊक. माझ्या माहेरीं कोणास ठाऊक?"

मग टेकडीपलीकडे जासूद रवाना जाहला कीं, कृपा करोन यावें आणि पुन्हा एकदां पळावें. अंताजीराव अंमळ विचार करोन म्हणाले, "येतों. आमचीही नुसती पाठच आली असेल. मात्र दरवाजा मघांसारखा उघडा असों द्यावा, नाहींतर खरें वाटत नाहीं." हें ऐकोन हिरोजीरावांनीं पगडी काढोन महाराजांचे पायांवर ठेविली आणि म्हणाले, "काय वाटेल तें करा, दरवाजा तेवढा उघडूं नका." महाराज म्हणाले, "अरे, पळालेला माणूस तो. पळावयासच येतो आहे."

मग दरवाजा उघडला, आणि आपलेच शिपायांच्या तलवारी उन्हांत चमकोन फोटो बिघडतो म्हणोन म्यान करविल्या, आणि अंताजीराव फौजेसह आले, आणि अदबीनें मुजरा करोन आंत शिरले, आणि आंतून अडसर घातला. महाराज वरून म्हणाले, "अहो, पळावयाचें तिकडे." अंताजीराव म्हणाले, "आतां आपण पळावें. आम्ही काढतों."

येणेंप्रमाणें किल्ला गेला आणि राज्य गेलें. अंताजीरावांनीं काढलेला फोटो मुलखोमुलखीं पोंचला, राणीसाहेबांचे माहेरींही पोंचला. त्यांत महाराज, राणीसाहेब, हिरोजीराव आणि झाडून सारे दरबारी आहेत, आणि कोणाचेही डोळे मिटलेले नाहींत. पुन्हा काढण्याचें कारण पडलें नाहीं.