भोंग्यातला आशीर्वाद

टाळेबंदीतल्या तिसऱ्या रविवारी पाळक शरच्चंद्र साळवे यांनी मोबाइलसमोर उभं राहून तासभर उपदेश केला. शेवटच्या प्रार्थनेनंतर डोळे उघडून पाहतात तो काय, पडद्यावर अकरा घरांपैकी एकच घर उरलेलं! तेही सुधाबाई भांबळांचं. त्यात सुधाबाई नव्हत्याच, नुसता छताचा पंखा फिरत होता.

"सुचित्रा, अगं मंडळी गेली कुठं?"

"नेट गेलं असेल," पाळकीणबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "नाहीतर कंटाळून गेली असतील. चर्चमध्ये तुम्ही दाराकडे बघत बोलता, म्हणून बसतात बिचारी."

हे मात्र खरं होतं. साळव्यांनी नगरहून येताना आपल्या वडिलांचा एक नियम बरोबर आणला होता. आशीर्वाद झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, आणि आशीर्वाद झाला की कुणी रेंगाळायचं नाही. हा नियम कोलकात्याच्या मराठी मंडळीत इतका मुरला होता, की एकदा वैदेही उजगरेंना भर उपासनेत कळा सुरू झाल्या, तरी त्या आशीर्वाद घेऊनच उठल्या. मुलगी टॅक्सीत झाली.

त्यात दुपारी अधीक्षक बिस्वाससाहेबांचा फोन आला. त्यांच्या हाताखाली पाच-सहा चर्च होती आणि मराठीवाल्यांचं त्यातलं सगळ्यात बारकं.

"साळवेजी, टाळेबंदी उठेल तेव्हा पहिल्या रविवारी मैं खुद आऊंगा. बाकं भरलेली दिसली तर ठीक. नाही तर मराठी उपासना बंद, सगळे हिंदीत."

पाळकसाहेबांनी बोटांवर घरं मोजली. मंडळी होती तरी केवढी? रेल्वेतले, बँकेतले, बदलीवर आलेले आणि इथंच मुरलेले. पोरं आपसांत बंगालीत भांडायची, आईबाप ऑफिसात हिंदी-इंग्रजी बोलायचे. मराठीतून प्रार्थना करायची ती आठवड्यातून एकदा, त्याच चार भिंतींत. तीच जागा गेली, तर ही अकरा घरं पुन्हा एकमेकांना ओळखतील की नाही, याचीसुद्धा त्यांना खात्री वाटेना.

"मोबाइलवरून मंडळी राखायची म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं," ते म्हणाले. "मीच जातो घरोघरी."

"जा की! कोपऱ्यावर पोलीस लाठी घेऊन उभाच आहे."

उपाय निघाला तो हारूदाच्या रूपानं. हारूदा तीनचाकी सायकलगाडीवर भाजी विकायचा आणि भाजीच्या गाडीला फिरायची परवानगी होती. शिवाय त्याच्याकडे बॅटरीवरचा भोंगा होता. त्यात एकदा हाक भरून ठेवली, की बटण दाबताच तो "आलू, पोटोल, बेगुन", म्हणजे बटाटे, परवल, वांगी, असं आपलं आपण ओरडत राही. रविवारी सकाळी पाळकसाहेब पांढरा झगा घालून, तांबड्या भोपळ्याला पाठ टेकून गाडीवर बसले आणि मंडळीची अकराही घरं असलेल्या बागबाजारच्या गल्लीत शिरले.

कोपऱ्यावर पोलिसानं अडवलंच. "आप कौन?"

आता आली का पंचाईत! पाळक म्हणावं तर परत पाठवणार, भाजीवाला म्हणावं तर रविवारच्या रविवारी, झगा अंगात असताना खोटं बोलायचं! पाळकसाहेबांनी क्षणभर आभाळाकडे पाहिलं, तराजू उचलला आणि म्हणाले, "आलू लेंगे? ताजा है." पोलिसानं दोन किलो घेतले. त्याबरोबर साळवे खरोखरचे भाजीवाले झाले आणि त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं.

सुधाबाईंच्या घराखाली गाडी थांबली. पाळकसाहेबांनी भोंग्यातून गीत सुरू केलं मात्र, वरून सरसर करत दोरीला बांधलेली थैली आली. पाठोपाठ शेजारची, तिच्या शेजारची. बघता बघता सगळ्या सज्जांतून थैल्या लोंबू लागल्या.

"फादर, पोटोल कैसा दिया?" घोषबौदींनी पहिल्या मजल्यावरून विचारलं. बौदी म्हणजे बंगाली वहिनी; या पक्क्या बागबाजारच्या, चर्चशी त्यांचा संबंध शून्य.

"बौदी, प्रार्थना चालली आहे!"

"तो करो ना प्रार्थना! हम मना किया? एक किलो डाल के करो."

तिसऱ्या मजल्यावरून सुधाबाई ओरडल्या, "पाळकसाहेब, गीत खालच्या पट्टीत घ्या! आणि बौदींना कीडकी वांगी देऊ नका, त्या मला ऐकवतात!"

असं ते सुरू झालं. गल्लीत गाडी यायची, गीत व्हायचं, वजनं व्हायची, उपदेश व्हायचा. थैली भरून वर येत नाही तोवर ऐकण्यावाचून गत्यंतर नसल्यामुळे लोक ऐकायचे. शेवटी पाळकसाहेब भोपळ्यांमध्ये उभे राहून हात उंचावायचे आणि म्हणायचे, "शांतीनं राहा, घरातल्या घरात एकमेकांना सांभाळा, देव तुमच्या दारात आहे." लगेच मराठी घरांची दारं पटापट बंद व्हायची. बंगाली घरांतून मात्र तेव्हाच थैल्या सुटायच्या, कारण शेवटी उरलेली भाजी हारूदा स्वस्तात द्यायचा.

पुढं एका रविवारी पाळकसाहेबांचा अंगठा भोंग्यावरच्या भलत्याच बटणावर पडला. हारूदाची "आलू पोटोल" पुसली गेली आणि तिच्या जागी आशीर्वाद भरला गेला. हारूदानं सोमवारी गाडी काढून बटण दाबलं तर भोंगा मराठीत बोलू लागला. तो पुसणार होता. पण त्या दिवशी आशीर्वाद ऐकून उरलेली भाजी आली असं समजून गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी थैल्या सोडल्या. दहाच्या आत गाडी रिकामी! मग कोण पुसतो? पाळकसाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण ते फक्त रविवारी यायचे.

अखेर चर्च उघडायची परवानगी आली. पाळकसाहेबांनी घरोघरी फोन केले. "येत्या रविवारी, नऊला, चर्चमध्ये. बिस्वाससाहेब येणार आहेत. आपल्या उपासनेचा प्रश्न आहे. कुणीही चुकवू नका!"

"चुकवतो कशाला? मी साडीला इस्त्रीसुद्धा केली," सुधाबाई म्हणाल्या.

रविवारी नऊ वाजता बिस्वाससाहेब पहिल्या बाकावर येऊन बसले. सव्वानऊ झाले. मागं पाळकीणबाईंखेरीज चिटपाखरू नव्हतं.

"साळवेजी, आपकी मंडळी?"

"येतीलच," असं म्हणत पाळकसाहेब बाहेर गेले. त्यांनी सुधाबाईंना फोन लावला.

"सुधाबाई, अहो आहात कुठं?"

"घरी! काल संध्याकाळपासून गल्ली पुन्हा बंद होणार अशी आवई होती. आम्ही सगळे नटूनथटून सज्जात उभे होतो, जावं की न जावं. तेवढ्यात तुमची गाडी आली, आशीर्वाद झाला, म्हटलं, रद्द झालेलं दिसतंय चर्च! भेंडी घेतली, दार लावलं. पण आज गीतबीत काहीच नाही? असला चटावरचं श्राद्ध उरकल्यासारखा आशीर्वाद देऊ नका हो!"

"मी आशीर्वाद दिलेलाच नाही!"

"वा! आवाज काय मी ओळखत नाही तुमचा? इतर दिवशी हारूदा भोंग्यातून तुमचा आशीर्वाद वाजवतो ते निराळं, रविवारी म्हणजे तुम्हीच, भोपळ्याआड बसला असाल!"

पाळकसाहेबांनी कपाळाला हात लावला. वर्षानुवर्षं कसोशीनं लावलेली शिस्त त्यांच्याच मानगुटीवर बसली होती. आशीर्वाद झालेला, आता कुणी घराबाहेर येणार नव्हतं! ते आत गेले आणि पोलीस, भोपळा, भोंगा, सगळं एका दमात सांगून मोकळे झाले. शेवटी म्हणाले, "साहेब, मंडळी आहे हो. इथं नाही एवढंच."

बिस्वाससाहेबांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं. एवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "शांतीनं राहा, घरातल्या घरात एकमेकांना सांभाळा..." हारूदा उरलेली भाजी घेऊन चालला होता. पाळकसाहेब झग्यासकट धावले आणि गाडीवर चढले. "हारूदा, घुमाओ! बागबाजार!" मागून बिस्वाससाहेबही, काय मनात आलं कुणास ठाऊक, बटाट्याच्या पोत्यावर येऊन बसले. पाळकीणबाई चालत निघाल्या. कुणीतरी शहाणं उरायला हवं होतं.

गल्लीत पाळकसाहेबांनी भोंगा बंद केला आणि उघड्या गळ्यानं गीत सुरू केलं. एक दार उघडलं, मग दुसरं. इस्त्रीच्या साडीतल्या सुधाबाई सज्जात आल्या आणि त्यांनी वरची पट्टी धरली. उजगऱ्यांची टॅक्सीत जन्मलेली लेक कठड्याला लोंबकळून गाऊ लागली. अकराच्या अकरा घरं गात होती. दुसऱ्या कडव्याला घोषबौदी आणि त्यांच्या सज्जातली मंडळीही गाऊ लागली. मराठी शब्द तोंडपाठ, उच्चार मात्र अस्सल बागबाजारी. पाळकसाहेब गाता गाता थांबून ऐकू लागले. त्यांनी भोपळ्याचा आधार घेतला.

बिस्वाससाहेब मान वळवून वळवून वर पाहत होते. त्यांच्या समोर एक थैली येऊन लोंबकळली.

"नए फादर, आधा किलो बेगुन," बौदी म्हणाल्या.

साहेबांनी मुकाट्यानं तराजू हातात घेतला आणि वांगी टाकली.

गीत संपल्यावर पाळकसाहेबांनी भीतभीत विचारलं, "साहेब, मग आमची मराठी उपासना?"

"वो तो चलेगी," बिस्वाससाहेब तराजूचा काटा न्याहाळत म्हणाले. मग त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "साळवेजी, मेरे अपने बंगाली चर्च में पिछले रविवार मोबाइल पर चार लोग थे. ये हारूदा... शनिवार को खाली रहता है क्या?"